बाळ स्वतः ठरवतो

बाळ अडतीस वर्षांचा होता, डोक्यावर टक्कल पडायला लागलं होतं, तरी सगळे त्याला बाळच म्हणायचे. हे नाव त्याच्या ताईने ठेवलेलं, आणि ताईने ठेवलेली वस्तू जागची हलवायची कुणाची टाप नव्हती.

"परावलंबी व्यक्तिमत्त्व विकार," समुपदेशक बाई म्हणाल्या.

ताईने आधी बाळकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे, मग छताकडे. "अस्सं," ती म्हणाली. "आमच्याकडे ह्याला बावळटपणा म्हणतात. औषध आहे का काही, की नुसतं नावच?"

ताई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर होती. कापडाचे साठ थर एकावर एक अंथरायचे, वर पॅटर्नचा कागद लावायचा आणि विजेच्या कातरीने एका दमात सगळे कापायचे, हे तिचं काम. बोटभर चूक झाली की साठ सदरे कचऱ्यात. वीस वर्षांत तिच्या हातून एकही सदरा वाया गेला नव्हता, आणि ही गोष्ट ज्याने ऐकली नाही असा माणूस त्या कारखान्यात औषधालाही सापडला नसता. जगातल्या बाकी कुणाच्याही हाती कातर देऊ नये, असं तिचं साधंसोपं मत होतं.

बाळ हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीवर होता. तिथे तो हुशार म्हणून नावाजलेला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं असेल तेच, तेवढंच. चूक म्हणून नाही. पण घरी चिठ्ठी कोण लिहून देणार? ताई! साबण कोणता आणू, केस किती कापू, बायको रुसलीय तर मी आधी बोलू की ती बोलेपर्यंत थांबू, सगळं ताईला फोन करून. लग्नाला सात वर्षं झाली तरी हेच. कामावर कुणीही आपली पाळी ह्याच्या गळ्यात मारावी आणि ह्याने मान डोलवावी. शेजाऱ्याचं कपाट चार जिने चढवून द्यावं आणि मग दोन दिवस कंबर धरून बसावं. बायको चार दिवस बाहेरगावी गेली की स्वारी उशी घेऊन ताईच्या दारात हजर, कारण एकट्याने घरात बसवत नाही. शेवटी पंधरा दिवसांपूर्वी बायकोने बॅग भरली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. "मी एका माणसाशी लग्न केलं होतं," ती म्हणाली, "निघाले दोन." समुपदेशक बाईंकडे यायचं, ही तिचीच अट. आणि ताईला घेतल्याशिवाय बाळ कुठे जातोय!

समुपदेशक बाई तरुण होत्या आणि त्यांना राग येत नव्हता, त्यामुळे ताई आणखीच खवळली.

"हा काही येऊन जाणारा ताप नाही," बाई म्हणाल्या. "माणसाची वागण्याची ठेवणच लहानपणापासून तशी बसत जाते. बाळ आळशी नाहीत, बावळट तर नाहीतच. त्यांना भीती वाटते. आपण काही ठरवलं आणि ते चुकलं, कुणाला नाही म्हटलं, तर आपलं माणूस आपल्याला सोडून जाईल, ही भीती. म्हणून ते सगळ्याला हो म्हणतात, म्हणून सारखे विचारतात. कुणी त्यांच्यावर ओरडलेलं त्यांना चालतं. कुणी निघून गेलेलं चालत नाही."

बाळ मान खाली घालून ऐकत होता. कान लाल झाले होते. एवढ्या वर्षांत आपल्याबद्दल कुणी इतकं नीट बोललेलं त्याने ऐकलं नव्हतं.

"आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता," ताई म्हणाली. "मी एकोणीस. मी वाढवलंय त्याला. त्याच्यासाठी जमलेलं लग्न मोडलं मी."

हे ती सगळ्यांना ऐकवायची. खरं तर मुलाकडच्यांनी पुन्हा निरोपच धाडला नव्हता. पण असल्या किरकोळ तपशिलात कोण शिरतंय?

"तुम्ही केलंत ते कुणी नाकारत नाही," बाई म्हणाल्या. "पण अशा माणसाजवळ सांभाळणारं एक माणूस बहुतेक वेळा असतंच. हळूहळू दोघांचं एकमेकांशी इतकं जुळून जातं की..."

"म्हणजे मी."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणायला शिल्लक काय ठेवलंत!"

मग बाईंनी गृहपाठ दिला. बाळने रोज एक गोष्ट कुणालाही न विचारता ठरवायची आणि वहीत लिहायची. ताईने, त्याने काही विचारलंच, तर एवढंच म्हणायचं, "तुला काय वाटतं?" फरक पडेल, पण सावकाश, बाई म्हणाल्या.

"तीन शब्द," ताई उठता उठता म्हणाली. "हे शिकायला किती वर्षं कॉलेजात काढलीत हो?"

आता गृहपाठाचं काय झालं ते ऐका. बाळने इमानेइतबारे वही आणली, तारीख घातली, खाली लिहिलं, 'आज निळा शर्ट घालायचं ठरवलं.' आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन थेट ताईच्या कारखान्यात. कशाला? तर निर्णय बरोबर आहेत का ते तपासून घ्यायला!

कुणीही शहाण्या माणसाने कपाळाला हात लावला असता. ताईने कानामागची लाल पेन्सिल काढली. "निळा? त्याची कॉलर विरलीय, दिसत नाही का?" काट मारली. "'केस कापायला गेलो.' कुणी सांगितलं होतं आत्ता? कानावर बघ कसे भादरलेत." काट. पहिल्या आठवड्याला तिने त्याला दहापैकी तीन गुण दिले आणि शिलाईच्या बायकांना ती वही वाचून दाखवली. बायका पोट धरून हसल्या. बाळही हसला. सगळे हसताहेत म्हटल्यावर हसायला हवं, एवढं त्याला विचारावं लागत नव्हतं.

फोनवर मात्र ताई नेमाने "तुला काय वाटतं?" म्हणायची. म्हणण्याची तऱ्हा अशी, की पलीकडे बाळ हातातला साबण परत फळीवर ठेवून मुकाट्याने नेहमीचा उचलायचा. शब्द बाईंचे, सूर ताईचा. समुपदेशक बाईंना सुरांबद्दल काही सुचलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात बाळची बायको कारखान्यात आली. ती रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मशीनच्या घरघरीत ती कापडाच्या ताग्यांपाशी उभी राहिली आणि उगाच गोड न बोलता सरळ मुद्द्यावर आली.

"ताई, माझी बदली झालीय. एक तारखेला मी दुसऱ्या शहरात जातेय. तिथल्या हॉस्पिटलात औषध-विभागात जागा निघालीय. ह्याने अर्ज भरलाय. स्वतः भरलाय, मी हातसुद्धा लावलेला नाही. शुक्रवारी पाचपर्यंत इथल्या कचेरीत नेऊन द्यायचाय. त्याने दिला तर आम्ही दोघं जाणार. नाही दिला तर मी एकटी. मग पुन्हा मागे वळून बघणार नाही, एवढं मी ठरवलंय."

"मग दे की म्हणावं. मी काय त्याचा हात धरलाय?"

"तो तुमच्याकडे येणारच विचारायला. तुम्ही त्याला हो म्हणू नका, नाही म्हणू नका. एवढंच मागायला आले. आयुष्यात एकदा काहीही करू नका."

ताईच्या तोंडावर कुणी असं बोललेलं शिलाईच्या बायकांनी पहिल्यांदाच ऐकलं. दोन मशीन थांबली.

"मला काय पडलंय?" ताई म्हणाली. "जा म्हणावं खुशाल. माझी कटकट तरी मिटेल. शब्द देते, जा."

आणि शब्द तिने खरंच दिला होता. रात्रंदिवस दुसऱ्यांना शब्दाला जागायला सांगणारी बाई, आपला कसा मोडेल?

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बाळ आला. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये अर्ज, वर घड्याळाकडे लागलेले डोळे. ताई कटिंगच्या टेबलापाशी डबा उघडून बसली होती.

"ताई, देऊ का?"

"तुला काय वाटतं?" ताई म्हणाली. तऱ्हा नाही, टोमणा नाही. अगदी बाईंनी शिकवलं तसं.

बाळ जरा वेळ फोल्डरच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला वाटतं, द्यावा."

ताईचा घास हातात राहिला. अडतीस वर्षांत ह्या माणसाने 'मला वाटतं' असं वाक्य तिच्यासमोर सुरू केलं नव्हतं. आणि बोलला तेही चाचरत नाही, सरळ. पाठ ताठ करून उभा होता. उंच होता की मेला! हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. खोटं कशाला सांगा, त्या घटकेला तिला त्याचा आनंद झाला नाही. एक तारीख आली, संध्याकाळ झाली, कुलूप काढून ती घरात शिरली, आणि फोन वाजतच नाही, असं सगळं तिला एका क्षणात दिसलं.

"बरं," ती म्हणाली.

"मग जातो."

"जा."

तो वळला. दारापर्यंत पोचला. तेव्हा ताई उठली, त्याच्यामागे गेली, त्याची दुमडलेली कॉलर मायेने सरळ केली आणि म्हणाली, "तिकडे तुला जमेल ना रे, बाळ?"

बस, एवढंच. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. शब्दाला शब्द लावून पाहा, कुठे काही मोडलेलं सापडणार नाही.

बाळचे खांदे खाली आले. तो परत फिरला आणि कापडाच्या ताग्यावर बसला. "बसतो जरा," म्हणाला. ताईने आपल्या डब्यातलं अर्धं त्याला वाढलं. तो जेवला. सुट्टी संपली, मशीन सुरू झाली, ताईने साठ थर कापले, एक दोरा इकडचा तिकडे झाला नाही. पाच वाजले तेव्हा तो तिथेच बसलेला होता, फोल्डर मांडीवर, आणि पुढे ते मांडीवरून घसरून खाली पडलं तरी त्याने उचललं नाही.

रविवारी सकाळी बाळची बायको ताईच्या घरी आली. त्याची बॅग तिने दारात ठेवली. "काय बोललात त्याला?"

"एक अक्षर नाही. विचार त्याला. माझ्यादेखत विचार."

"ताई काही बोलली नाही," बाळ आतून म्हणाला. "माझं मीच ठरवलं."

आणि त्या बिचाऱ्याला ते खरंच वाटत होतं. बायको त्याच्याकडे बघत राहिली. सात वर्षांत ती त्याच्यावर ओरडली होती, रुसली होती, त्याला समजावून थकली होती. आत्ता तिला नुसतं रडू आलं. डोळे पुसून ती ताईला म्हणाली, "त्याच्या आजाराला निदान नाव तरी आहे," आणि जिना उतरून गेली.

"जीभ बघा केवढी लांब," ताई म्हणाली. पण दार लावताना ती गुणगुणत होती, हेही सांगायला हवं. बॅग कुठे ठेवायची ते तिने दाखवलं. कपाटाचा कुठला कप्पा त्याचा ते दाखवलं. दुपारपर्यंत तिला इतकं हलकं वाटत होतं की जणू कुणी मोठ्या दुखण्यातून उठलंय.

सोमवारी समुपदेशक बाईंचा फोन आला. ठरल्या वेळेला कुणी आलं नाही म्हणून.

"तो आता येणार नाही," ताई म्हणाली. "त्याचंच म्हणणं आहे तसं."

"हरकत नाही. मला एकदा त्यांच्या तोंडून ऐकू द्या. फोन द्याल त्यांना?"

ताईने फोन पुढे केला. बाळने तो घेण्याआधी तिच्याकडे पाहिलं. "काय सांगू?"

ताईने फोनवर तळवा दाबून धरला. "सांग, मला आता गरज वाटत नाही. मी इथे सुखात आहे. आमचं आम्ही बघून घेऊ."

"मला आता गरज वाटत नाही," बाळ फोनवर म्हणाला. "मी इथे सुखात आहे. आमचं आम्ही बघून घेऊ." शब्द न् शब्द. 'बघून घेऊ' म्हणताना ताई मानेला जो झटका देते, तोही त्याने दिला.

ताई समोर उभी राहून ऐकत होती. सगळं तिचंच. तिचे शब्द, तिचा तोरा, तिची मान. एकोणतीस वर्षं ती ह्याच्याशी बोलत होती, रागावत होती, हसत होती. त्यातलं ह्याचं असं एक तरी वाक्य आठवतंय का, म्हणून तिने आठवून पाहिलं. एकच आठवलं. शुक्रवारचं. त्याचं आपण काय केलं, तेही आठवलं, आणि ह्या वेळी तिला त्यात काही सबब घालता येईना.

बाळने फोन ठेवला आणि तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. "बरोबर सांगितलं ना?"

ताईला मोठ्याने म्हणावंसं वाटलं, की माझं चुकलं, मला भीती वाटते. पण ते ऐकायला घरात तिच्याशिवाय दुसरं कुणीच उरलं नव्हतं.