गलक्यातलं 'नाही'

आपल्याला प्रश्न विचारायची भारी हौस आणि उत्तर ऐकून घ्यायचा तेवढाच कंटाळा. "काय, बरं आहे ना?" असं म्हणता म्हणता आपण चार पावलं पुढे गेलेलो असतो. मग चौथीच्या वर्गाच्या बाई तरी याला अपवाद कशा असणार? बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक युक्ती पक्की केली होती. वर्गासमोर उभं राहायचं, खणखणीत आवाजात "समजलं का?" विचारायचं आणि चाळीस गळ्यांतून "होऽऽ!" आलं की फळा पुसायचा. काम फत्ते!

सहलीच्या सकाळीही तसंच झालं. मुलांना मत्स्यालय पाहायला न्यायचं होतं. नेहमीची बस ऐन वेळी बिघडली म्हणून दुसरीच बस आली होती. चालक मात्र नेहमीचेच, केस पिकलेले, मुलांचे लाडके मामा. या मामांची एक खोड होती. निघण्याआधी ते शेवटच्या रांगेपासून पुढे येत आणि प्रत्येक मुलाचा बेल्ट स्वतःच्या हातानं ओढून पाहत. चाळीस मुलं म्हणजे चांगली दहा मिनिटं जात. "मामा बस चालवतात की कपड्यांची मापं घेतात?" अशी शिक्षकांच्या खोलीत त्यांची थट्टा व्हायची.

त्या दिवशी आधीच अर्धा तास उशीर झाला होता. मामा मागे जायला निघाले, तशा बाई वाटेतच उभ्या राहिल्या.

"मामा, आज राहू द्या. मी विचारते ना."

"बाई, गाडी माझ्या ओळखीची नाही. विचारू नका, बघू द्या."

"अहो, मत्स्यालयाची वेळ टळली आणि चाळीसजण भोकाड पसरून बसले, तर तुम्ही गप्प करणार आहात का?"

मामा हसले, जरा घुटमळले आणि जाऊन आपल्या जागेवर बसले. बाईंनी पुढूनच विचारलं, "बेल्ट लावले का सगळ्यांनी?"

"होऽऽ!"

बाईंनी तपासणीच्या कागदावर 'बेल्ट तपासले' या ओळीपुढे 'होय' लिहिलं आणि सही ठोकली.

गावाबाहेरच्या वळणावर एक सायकलवाला अचानक आडवा आला. मामांनी करकचून ब्रेक दाबला. सायकलवाला वाचला. एकोणचाळीस मुलं घाबरली, रडली, पण जागच्या जागी राहिली. सातव्या रांगेतली एक मुलगी मात्र जागेवर राहिली नाही. तिचं डोकं पुढच्या लोखंडी दांड्यावर आदळलं.

तिचा आवाज इतका बारीक होता की बाईंनीच लाडानं तिचं नाव 'हळूबाई' ठेवलं होतं. "अगं, जरा मोठ्यानं बोल की!" हे तिला दिवसातून दहादा ऐकावं लागे. तिसऱ्या दिवशी इस्पितळातच हळूबाईनं प्राण सोडला.

चौकशी लागली. चौकशीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापकांनी बाईंना खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि तो कागद टेबलावर सरळ करून ठेवला.

"तुमचा कागद अगदी चोख आहे, बाई. इथे 'होय' लिहिलंय. म्हणजे शाळेनं आपलं काम केलं. बक्कल तुटलं होतं ते बसचं, ब्रेक दाबला तो चालकानं. आपण फक्त हा कागद पुढे करायचा. बाकी काही बोलायचं नाही."

खोटं कशाला सांगू, बाईंना क्षणभर सुटल्यासारखंच वाटलं.

शाळा सुटल्यावर त्या हळूबाईच्या घरी गेल्या. दाराशी तिचे बूट अजून तसेच होते, एकावर एक. आईनं बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"तिच्या शेजारी बसलेली मैत्रीण सकाळी येऊन गेली," आई म्हणाली. "ती सांगत होती, आमची पोर दोनदा म्हणाली, 'बाई, माझा लागत नाहीये.' खरं का हो? मला एवढंच विचारायचंय. आम्ही तिला खोटं बोलायचं नाही म्हणून शिकवलंय. ती सगळ्यांबरोबर 'हो' म्हणाली नव्हती ना?"

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. कसं येणार? एकोणचाळीस 'हो' त्या एका 'नाही'वर बसले होते!

तिथून त्या तडक बसच्या आगारात गेल्या. मामा बाकावर बसून होते. त्यांच्या हातातली गाडीची चावी काढून घेतली होती.

"मामा, उद्या सगळं तुमच्यावर ढकलणार आहेत."

"ढकलू द्या. मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. चावी माझ्याच हातात होती. तुम्ही 'राहू द्या' म्हणालात आणि मीही राहू दिलं."

"पण मी विचारलं होतं, मामा! पोर दोनदा म्हणाली, 'माझा लागत नाहीये', ते मला ऐकूच आलं नाही."

"विचारलंत ना. पण जिला 'नाही' म्हणायचं होतं, तिच्यासाठी थांबलात का? मुलं खोटं बोलतात म्हणून मी बेल्ट ओढून बघत नाही, बाई. घोळक्यात एकटीनं 'नाही' म्हणायचं, हे मोठ्यांना जमत नाही. आपल्याला तरी कुठे जमतं? तुमच्या त्या पोरीला जमलं. आपलेच कान कमी पडले."

बाई त्या बाकावर बसून पोटभर रडल्या. मामांनी त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीत मुख्याध्यापकांनी कागद पुढे केला. बाई उठून उभ्या राहिल्या.

"हा 'होय' खोटा आहे. मी तपासलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं. मामा तपासायला निघाले होते, त्यांना मी अडवलं. आणि त्या मुलीनं खरं सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं!"

मागे बसलेल्या आईनं तोंडाला पदर लावला.

बाईंना सहा महिने घरी बसावं लागलं. मामांना ताकीद मिळाली आणि चावी परत मिळाली. हळूबाई काही परत मिळाली नाही.

पुढच्या वर्षीची सहल निघाली तेव्हा मामा उजव्या बाजूच्या रांगा बघत होते आणि बाई डाव्या. प्रत्येक बेल्ट हातानं ओढून पाहिला जात होता. नवव्या रांगेत एक बक्कल बसेना. बाईंनी सगळ्यांना खाली उतरवलं आणि दुसरी बस मागवली. मुख्याध्यापकांचा फोन आला, "अहो, एका बेल्टसाठी तासभर?"

"हो, एकासाठीच," बाई म्हणाल्या.

वाचकहो, आपल्याही घरातलं पोर उद्या कुठल्या तरी बसमध्ये बसेल. कुणीतरी कागदावर 'होय' लिहील. त्या कुणीतरीला जाऊन सांगा, आणि आपणही ध्यानात ठेवा: विचारणं म्हणजे तपासणं नव्हे, आणि उशीर झाला तर सहलच तेवढी चुकते.

बाई आता वर्गात "समजलं का?" असं विचारत नाहीत. "कुणाला नाही समजलं?" असं विचारतात आणि खडू खाली ठेवून थांबतात. वर्ग शांत होतो. मग मागच्या बाकावरून कधीतरी एखादा बारीक आवाज येतो, "बाई, मला..."

"बोल गं," बाई म्हणतात, "हळू बोललीस तरी चालेल."