गळालेलं 'बिन'

न्हाणीघरात साप निघाला तेव्हा नवऱ्याने काठी उचलली आणि सासऱ्यांनी ज्ञानकोश. घरच आमचं असं! बाबांनी उमेदीची सगळी वर्षं त्या छापील कोशाची मुद्रितं तपासण्यात घालवली. त्यामुळे इंटरनेटवरचा कोश म्हणजे त्यांच्या लेखी ऐऱ्यागैऱ्यांचा बाजार.

सापाचं पान उघडताच त्यांचा चेहरा पडला. "काठी ठेव," ते नवऱ्याला म्हणाले. "हा साप बिनविषारी आहे. आम्ही 'विषारी' छापलं. ओळीच्या शेवटी 'बिन' होतं, ते गळालं आणि माझ्या नजरेतून सुटलं. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करणार होतो. ती निघालीच नाही."

साप बिचारा मोरीच्या भोकातून निघून गेला. मी मोबाइलवर इंटरनेटवरचा कोश पाहिला, तर तिथेही 'विषारी', आणि खाली संदर्भ आमच्याच खंडाचा!

"लोक हे वाचून त्याला ठेचत असतील गं," बाबा म्हणाले. मला गलबलून आलं.

"बाबा, तिथे कुणालाही दुरुस्ती करता येते. तुम्हीच करा."

"कुणालाही येते, तिथेच तर घोडं पेंड खातंय!" असं म्हणत त्यांनी एका बोटाने 'बिन' टाइप केलं.

चहा होईस्तोवर कुणीतरी ते पुसलंही. शेरा होता : "छापील कोशात असं नाही. संदर्भ द्या."

बाबांचा पारा चढला. "मला संदर्भ मागतो? मीच तो संदर्भ!" चर्चेच्या पानावर त्यांनी तसं ठणकावून लिहिलं. उत्तर आलं : "आजोबा, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण इथे नुसत्या शब्दावर चालत नाही, कुणाच्याच. दुसरं पुस्तक शोधू या का? मीही शोधतो."

आता मोबाइल भिंतीवर आपटणार, असं मला वाटलं. पण बाबांनी चष्मा पुसून ते उत्तर पुन्हा वाचलं.

"चिवट आहे लेकाचा," शेवटी म्हणाले. "असा एक जण आमच्या कचेरीत हवा होता."

मग दोघांनी आपापल्या गावातली ग्रंथालयं पालथी घातली. पुस्तक सापडलं त्या अनोळखी माणसाला. त्याने पानाचा फोटो पाठवला, बाबांनी तो भिंगाखाली अक्षर न् अक्षर तपासला. 'बिन' परत बसलं, आणि या वेळी टिकलं.

"सूनबाई, शुद्धिपत्र निघालं गं आमचं!" बाबा स्वयंपाकघरात येऊन म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

त्यांनी कपाटातून खंड काढला. ज्या पानांना आम्हाला कधी पेन्सिल लावू दिली नव्हती, तिथे त्यांनी शाईने 'बिन' लिहिलं. शाई वाळू दिली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

"आता विंचवाचं पान उघड. तेही मीच तपासलं होतं."