हिरवी चिठ्ठी

स्फोटानंतर लष्करी इस्पितळाच्या दारात गाड्यांची रीघ लागली, तेव्हा हवालदारमामा आपल्या फळ्याशी उभे होते. येणाऱ्या प्रत्येक जखमीच्या मनगटाला रंगीत चिठ्ठी बांधायची आणि तिची जोडचिठ्ठी फळ्यावर अडकवायची, हे त्यांचं काम. लाल म्हणजे लगेच ऑपरेशन, पिवळी म्हणजे थोडा थांबेल, हिरवी म्हणजे चालता-बोलता. माणूस हलला की फळ्यावरची चिठ्ठीही हलायची. मामांच्या फळ्यावरून कुणी हरवत नाही असा लौकिक होता, आणि खोटं कशाला, मामांना त्याचा तोराही होता.

एका गाडीतून त्यांचा सख्खा भाचा उतरला, रक्तबंबाळ सोबत्याला खांद्यावर तोलत.

"मामा, मला काही नाही. आधी याला बघा."

मामांचा जीव भांड्यात पडला. सोबत्याला लाल बांधली, भाच्याला हिरवी. बहिणीच्या हातापाया पडून त्यांनीच पोराला सैन्यात घातलं होतं, म्हणून तिला लगेच फोन लावला. "ताई, रडू नकोस. चालतोय तो."

हिरवीवाल्यांनी व्हरांड्यातल्या बाकांवर बसून राहायचं, असा नियम. पण स्ट्रेचर उचलायला माणसं कमी पडत होती. भाचा उठून कामाला लागला आणि मामांनी तिकडे काणाडोळा केला. मनातून अभिमानच वाटला मेला.

गाड्या थांबल्यावर मामा फळ्याचा मेळ घालायला निघाले. खाटांवरचे सगळे सापडले. जो आडवा झालाच नव्हता, त्याला शोधायचं कुठे? बाकावर नाही, नळापाशी नाही. शेवटी रिकाम्या स्ट्रेचरच्या ढिगामागे दिसला, भिंतीला टेकून, दमून डोळा लागल्यासारखा. अंग गार पडलं होतं. पोट टणक. रक्त आतल्या आत वाहून गेलं होतं. मनगटावरची गाठ मामांचीच, पक्की. ती सुटेना, कापावी लागली. मामा तिथेच फतकल मारून लहान मुलासारखे रडले.

मग तोंड धुऊन फाटकाशी गेले, कारण सांगायचं कामही त्यांचंच होतं. ताई आलेली होती. एका अनोळखी बाईला पोटाशी धरून धीर देत होती. मामांना बघताच तिचा चेहरा उजळला.

"हा बघा माझा भाऊ. याच्या फळ्यावरून कुणी हरवत नाही." तिने मामांचा हात धरला. "आधी हिच्या मुलाचं सांग रे. आपला तर चालतोय."