दानू झोपली की

स्क्रीन काळी झाली आणि मी किंचाळले, "गेलं!"

झोळीतली दानू दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं. आप्पा तिला घ्यायला धडपडत उठले. तोवर कॉम्प्युटर आपणहून पुन्हा सुरू झाला, काही घडलंच नाही अशा थाटात. घडलं होतं. टॉवेलच्या काठावर सकाळपासून काढलेले अकरा मोर उडून गेले होते.

"काय झालं गं?" आप्पांनी विचारलं. आप्पा म्हणजे माझे सासरे, गुरुसिद्धप्पा. ते ओरडूनच बोलतात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अडतीस वर्षं जॉबर होते. बंद पडलेला लूम चालू करणारा तो जॉबर. लूम सगळे चालू झाले, त्या खडखडाटात कान मात्र गेले.

"मशीन बंद पडलं!"

"पडू दे की! पोरगी का रडतीया?"

आता काय सांगणार? एका कारखान्यानं मला चाचणी म्हणून टॉवेलच्या काठाचं डिझाइन दिलं होतं. शनिवारी पाचच्या आत पाठवलं तर कायमचं काम, तेही घरून. नाही जमलं तर सोमवारपासून आठ महिन्यांची दानू पाळणाघरात आणि मी पुन्हा जुन्या नोकरीच्या कारखान्यातल्या खुर्चीवर. पाळणाघर मी बघून आले होते. तिथल्या खिडकीला खालून तिसरा गज नव्हता. एवढं पुरे होतं.

दानू झाल्यापासून मी एक वही ठेवते. दूध किती वाजता, झोप किती वेळ, शी कशी. त्यातच मशीनसाठी एक रकाना वाढवला. चार दिवसांत एक गोष्ट दिसली. मशीन दानू जागी असताना कधीच बंद पडत नव्हतं. ती झोपली की अर्ध्या तासाच्या आत हमखास.

सात रस्त्याला विरेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन त्याच्याकडे दोन दिवस होतं. रॅम बदलली, पॉवर सप्लाय बदलला, विंडोज नवं टाकलं.

"वहिनी, दोन दिवस चालू ठेवलं. एकदाबी पडलं न्हाई."

"घरी पडतं. ही वही बघा."

त्यानं गंभीरपणे वाचायला घेतली. "दीड वाजता, पातळ, हिरवट?"

"ते दानूचं. मशीन पुढच्या रकान्यात."

"असं व्हय," म्हणत त्यानं वही जरा लांब धरली. मग म्हणाला, "सोप्पं हाय की. पोरीला झोपवूच नका!"

तरी बिचारा घरी आला. तासभर मशीन चालवलं, हात लावून बघितलं, गार. दानू खालच्या चादरीवर बसून त्याचा स्क्रूड्रायव्हर मागत होती. मशीन शहाण्यासारखं चाललं. तो जिना उतरला, दानू झोपली आणि पंचवीस मिनिटांनी मशीन पडलं.

शनिवार उजाडला. दानू एक वाजून दहा मिनिटांनी झोपली. आप्पा झोळीशेजारी भिंतीला टेकून बसले, दोरी पायाच्या अंगठ्यात. दानू झोपली की आमचं सगळं बोलणं हातवाऱ्यांनी. आप्पांना ऐकू जाईल असं बोललं तर शेजारची पोरंसुद्धा उठतील. मी दर मोराला सेव्ह करत होते. एक चाळीसला मशीन गेलं. परत आलं, मोराचा तुरा काढेपर्यंत पुन्हा गेलं.

ओरड अगदी ओठांवर आली होती. पण दानू उठली की दुपार संपली. मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला आणि प्लग बघायला गुपचूप टेबलाखाली शिरले.

झोळीच्या बाजूच्या कोपऱ्यात मशीनचं कॅबिनेट असतं. ते दिसलंच नाही. दिसली चादर. दुहेरी घातलेली, चारी टोकं नीट खाली खोचलेली, थंडीत दानूला गुंडाळतात तशी. आत हात घातला तर तवा!

चादर ओळखीची होती. निवृत्तीच्या दिवशी आप्पांना कारखान्यातून मिळालेली. दानू जागी असली की तिच्याखाली असते. ती झोपल्यावर चादर कुठे जाते, हे काही माझ्या वहीत नव्हतं.

चादर ओढत मी बाहेर आले आणि हातानंच विचारलं, हे काय?

आप्पांनी मशीनकडे बोट दाखवलं. मग दोन्ही कानांवर हात ठेवून तोंड वाकडं केलं. मग झोळीकडे बोट.

तो हातवारा माझाच होता. दोन आठवड्यांपूर्वी मशीनच्या घुंईनं दानू उठेल म्हणून मी वैतागून केलेला. तोंडसुद्धा तसंच वाकडं.

त्यांना स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं. "आप्पा, त्याच्या आत पंखा आहे! वारा लागतो त्याला!"

"पंखा? म्हंजे फिरतंय आत काय तरी? मोटार हाय?"

"हो!"

आप्पा ओट्याला हात टेकून उभे राहिले.

"अय्यो. फिरत्या मोटारीवर फडकं टाकलं म्हणून किती जणांच्या पाठीत धपाटं घातलं मी. आन् मीच..." त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मला वाटलं नुसताच डबा हाय. मला आवाज येतच न्हाई की पोरी."

मशीनचा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. माझं वाकडं तोंड बघून चादर घातली होती.

बाहेर येऊन ते कॅबिनेटपाशी बसले, झोळीची दोरी पुन्हा अंगठ्यात. जाळीत अडकलेली चादरीची रुई चिमटीनं वेचून काढली. मला खुणावलं, चालू कर. मग पत्र्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले, थोडा वेळ थांबले. मान डोलावली. पंख्याची थरथर लागतेय हाताला.

चार बेचाळीसला सगळे मोर कारखान्याला गेले. पाच वाजायच्या आत उत्तर आलं, "सोमवारी पुढचं काम पाठवतो." मी वळून बघितलं. दानू अजून झोपेतच होती. आप्पांनी दोरी अंगठ्यातून सोडली नव्हती, की तळहात पत्र्यावरून काढला नव्हता.

त्यांनी मशीनकडे बोट दाखवलं, मग कानाकडे. आवाज करतंय का?

पंखा घोंघावत होता. मी मान हलवली. नाही, अजिबात नाही.

आप्पांना बरं वाटलं. त्यांनी एका हातानंच चादरीची घडी केली, मांडीखाली घेतली आणि तिच्यावर बसून राहिले.