हळदीकुंकवाचा सीन

सुनेनं आपला फोटो परस्पर कुणाला तरी पाठवून दिलाय, हे अंबूबाईंना एसटी शिरवळच्या जवळ आल्यावर कळलं. तोवर त्या सुनेची, रेश्माची, राखण करायला म्हणून निघाल्या होत्या. मालिकावाल्यांचा काय भरवसा, एकटीनं जायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं. मुलगा वीरधवल फौजेत, सीमेवर; इकडं त्याच्या बायकोला काही झालं तर त्याला तोंड कसं दाखवायचं? आणि आता कळत होतं की राखणीला आलेल्या बाईलाही कामावर घेतलंय.

रेश्मानं सगळं कबूल केलं. मालिकांच्या गर्दीत उभं राहायला माणसं पुरवणारी संयोगिता साताऱ्यात राहायची. तिच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरायलाच रेश्माला चार महिने लागले होते. फोटो पाठवायचे ते समोरून, बाजूनं आणि उभ्यानं, तेही रंगरंगोटी न करता. निरोप आला की लगेच हो म्हणायचं. नाव नोंदवायला कुणी पैसे मागितले तर त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही. एवढी अक्कल पोरीनं कमावली होती. या वेळी संयोगितानं सोबत एक वयस्कर बाई आणायला सांगितली होती. शेजारची धोंडुबाई तयार झाली आणि ऐन वेळी लेकीकडे निघून गेली. पहिल्याच कामाला शब्द मोडला की पुन्हा बोलावणं येत नाही. म्हणून रेश्मानं शेंगा फोडत बसलेल्या सासूचा फोटो काढला आणि दिला पाठवून.

बाजाराचा सीन आहे, नुसतं भाजी बघत उभं राहायचं, असं तिनं समजावलं. अंबूबाई फुरंगटून खिडकीबाहेर बघत बसल्या. पण फोटो पसंत पडला म्हटल्यावर त्यांना आतून थोडं बरंही वाटलं होतं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

महामार्गाकडेच्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये मालिकेचं घर उभारलं होतं. सोपा, देवघर, झोपाळा, सगळं होतं; तुळस तेवढी प्लास्टिकची. संयोगितानं नियम सांगितले. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. आपसात बोलल्यासारखे ओठ हलवायचे, आवाज मात्र काढायचा नाही. दहा बायका एकत्र बसवून त्यांना मुक्यानं बोलायला लावणारा माणूस मोठ्या धीराचा असला पाहिजे, असं अंबूबाईंना वाटलं.

मग कळलं की बाजाराचा सीन रद्द झालाय आणि त्याऐवजी हळदीकुंकू आहे.

रेश्माचा चेहरा उतरला. सासऱ्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. संयोगिताला सांगून टाकते, असं ती कुजबुजली. पण अंबूबाईंनी तिला गप्प केलं. मोजून बायका बोलावल्या होत्या. एक कमी झाली असती तर बोल सुनेलाच लागला असता.

सीन सुरू झाला. नायिका तबक घेऊन रांगेतून पुढे पुढे यायला लागली, आणि ती दोन बायकांवर आली तशा अंबूबाई उठल्या. उठायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. हळदीकुंकवाचं तबक बाहेर आलं की दूध बघते म्हणत स्वयंपाकघरात निघून जायचं, हे त्यांच्या गुडघ्यांनाच पाठ झालं होतं. दिग्दर्शकानं कट म्हटलं आणि नीट बसायला सांगितलं. त्या बसल्या. दुसऱ्यांदा तबक आलं, पुन्हा उठल्या. आता दिग्दर्शकाचा आवाज चढला. या आजींना बदला म्हणून तो संयोगितावर खेकसला, आणि संयोगितानं रेश्माकडे असं पाहिलं की वेगळं काही सांगायची गरज उरली नाही.

अंबूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेच्या वाटेत आपणच आडवे आलो. तोंड लपवायला त्या घाईघाईनं स्वयंपाकघराच्या दारातून आत गेल्या.

आत स्वयंपाकघर नव्हतं. प्लायवुडची उघडी पाठ, खिळे, वायरींची भेंडोळी, आणि स्टुलावर चहा पीत बसलेला लाइटवाला. त्यानं उठून त्यांना स्टूल दिलं.

मागोमाग रेश्मा आली. तिचे डोळे भरले होते. "चला आत्ती, घरी जाऊ. काम गेलं तर गेलं."

अंबूबाई त्या भिंतीच्या पाठीकडेच बघत होत्या. "सैपाकघरच न्हाई गं हितं."

"न्हाई."

"मग बाईनं जायाचं तरी कुठं?"

अंबूबाईंनी पदर सारखा केला, बाहेर आल्या, आपल्या जागी बसल्या आणि आता उठणार नाही असं दिग्दर्शकाला सांगितलं. या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले होते. नायिका लेकीच्या वयाची होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचं बोट कपाळाला लागलं तेव्हा अंबूबाईंनी गुडघ्यांवरची पकड आणखी घट्ट केली. शॉट पसंत पडला. परतताना गावचा फाटा दिसताच त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. रेश्मानं ते पाहिलं.

पुढं रेश्माला बोलावणी येऊ लागली. बाजार, लग्न, दवाखाना, मिळेल त्या गर्दीत ती उभी राहायची. हळदीकुंकवाचा भाग टीव्हीवर लागला तेव्हा अंबूबाई दिसल्या न दिसल्या तोच पुढचं दृश्य आलं. तरी धोंडुबाई आठवडाभर हळहळत होती.

संक्रांतीला घरी बायका जमल्या. रेश्मा तबक घेऊन बाहेर आली तशा अंबूबाई उठल्या, दूध बघते म्हणाल्या आणि आत गेल्या. दूध खरंच गॅसवर होतं. त्यांनी गॅस बंद केला, बाहेर आल्या आणि धोंडुबाईशेजारी रांगेत बसल्या.

बायका त्यांच्याकडे बघायला लागल्या. रेश्मा समोर आली, थांबली आणि तिनं जमलेल्या बायकांकडे पाहिलं.

"लाव की गं," अंबूबाई म्हणाल्या. "आनि कॅमेऱ्याकडं बघू नगंस."