आतल्या गोटातली बातमी

ट्रक अड्ड्यावर त्याला सगळे लांबपल्ला म्हणत, कारण जवळचं भाडं तो सहसा घेत नसे. महिन्यातले मोजके दिवस घरी, बाकी सगळा वेळ रस्त्यावर. त्यामुळे संसार छान चालला होता. मालवाहतुकीचा संप सुरू झाला, गाड्या अड्ड्यावर उभ्या राहिल्या आणि तो सलग घरी राहू लागला, तेव्हा हे नवरा-बायको दोघांच्याही ध्यानात आलं.

सुरुवातीला बायकोने कौतुक केलं. मग त्याने कपाटाचं कुरकुरणारं दार दुरुस्त करायला घेतलं आणि दार हातात आलं. सासूबाईंच्या खुर्चीत जरा टेकला, तर तिथून उठवला गेला. खिडकीशी सिगारेट पेटवली, तर धूर कापडात बसतो म्हणून ओरडा खाल्ला. बायको लोकांचे पडदे शिवून द्यायची. त्या दोन खोल्यांत जिथे पाय टाकावा तिथे कुणाचा ना कुणाचा पडदा पसरलेला.

"अहो, हा संप मिटणार तरी कधी?" बायकोने मशीनवरून मान वर न करता विचारलं.

"मागण्या मान्य झाल्या की."

"काय मागण्या आहेत?"

"वाटेत गाडी लावून झोपायला धड जागा, आणि घरच्यांबरोबर राहायला जास्तीची रजा."

बायकोने त्याच्या पायाखालचा पडदा ओढून घेतला. "त्या दुसरीची फार घाई करू नका," ती म्हणाली.

तेवढ्यात सासूबाई जिना चढून धापा टाकत आल्या. खालच्या मजल्यावर बातम्यांना तोटा नसायचा. "मीठ संपलं म्हणे बाजारातलं," त्या म्हणाल्या. "साबण जाणार, मग साखर. लोक पोत्यांनी नेतायत आणि आपण इथे पडदे शिवत बसलोय." मग त्यांची नजर जावयावर गेली. "जावईबापू, तुम्ही लोकांनीच सगळं अडवून ठेवलंय ना? मग जा, आता तुम्हीच घेऊन या."

लांबपल्ल्याने पिशवी उचलली.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाची रांग पार न्हाव्याच्या दुकानापर्यंत आली होती. न्हावी हुशार. रांगेतल्यांची जागा राखून ठेवायची हमी देऊन तो एकेकाची दाढी उरकत होता. लांबपल्ल्याच्या पुढे एक पेन्शनर उभे होते. त्यांच्याबरोबर नातवाची बाबागाडी होती, पण आत नातू नव्हता, रिकाम्या पिशव्या होत्या.

"हे ड्रायव्हर लोक माजलेत," पेन्शनर मागे वळून म्हणाले.

"हो ना," लांबपल्ला म्हणाला.

"रस्ता म्हणजे बापाची मालमत्ता समजतात."

"अगदी."

"एकेकाला धरून फोडून काढला पाहिजे."

"काढायलाच पाहिजे," असं म्हणून त्याने नजर दुसरीकडे वळवली. समोरचा तापलेला असला की होला हो करावं, हे त्याला नाक्यानाक्यावरच्या पोलिसांनी शिकवलं होतं. शिवाय स्वभाव भिडस्त.

असं करत करत रांग पुढे सरकली आणि दुकानदाराचं त्याच्याकडे लक्ष गेलं. "अरे, तुम्ही इथे रांगेत कसे?" तो आनंदाने म्हणाला. "मागच्या वेळचा माझा माल तुम्हीच तर आणला होतात. ट्रकवाले ना तुम्ही?"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. आता मार बसणार, अशा हिशोबाने लांबपल्ल्याने पिशवी छातीशी धरली. पेन्शनरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावून त्याला नीट पाहिलं.

"म्हणजे तुम्ही आतल्या गोटातले," ते म्हणाले. आवाजात एकदम साखर आली होती. "अहो, या ना, पुढे या. उन्हात कशाला उभे? तुमच्यापासून काय लपलंय? खरं काय ते सांगा. काय काय संपणार आहे?"

लोक भोवती गोळा झाले. न्हाव्याकडचा एकजण तोंडाला फेस तसाच ठेवून आला. लांबपल्ल्याचं बोलणं ऐकायला एवढी माणसं आजवर कधी जमली नव्हती. घरी तर एकही नाही.

"काही संपणार नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "गोदामं गच्च भरलीत. मिठाच्या गोण्या छताला टेकल्यात. साखर आहे, तेल आहे, साबण आहे. सगळं माझ्या डोळ्यांनी पाहून आलोय."

लोकांचे चेहरे पडले. एवढा वेळ उभं राहिल्यावर हे ऐकायचं म्हणजे काय?

"सगळंच कसं असेल?" पेन्शनर चिकाटीने म्हणाले. "एखादी तरी वस्तू नसेलच. जरा आठवून बघा."

इतक्या माणसांना रिकाम्या हाताने परत पाठवणं त्याच्या जिवावर आलं. त्याने डोळे मिटून खरोखरच आठवून पाहिलं. "तसं म्हटलं तर," तो म्हणाला, "काडेपेट्या तेवढ्या दिसल्या नाहीत बुवा."

आगीच्या भीतीने काडेपेट्या वेगळ्या शेडमध्ये ठेवतात आणि त्या शेडकडे आपण फिरकलोच नव्हतो, हे तो पुढे सांगणार होता. पण वाक्याचा दुसरा अर्धा भाग ऐकायला कुणी जागेवर राहिलंच नाही. दुकानाच्या फळीवर एकच झुंबड उडाली. पेन्शनरांची बाबागाडी काडेपेट्यांच्या पुड्यांनी भरली आणि वरून दुपटं पांघरून ते लगबगीने निघाले. फेसवाल्याने अर्ध्या दाढीनिशी दुसरं दुकान गाठलं. गर्दी ओसरल्यावर लांबपल्ल्याला मीठ, साखर, साबण, सगळं निवांत मिळालं.

तो घराकडे निघाला, पण त्याचं वाक्य त्याच्यापुढे पोचलं होतं. न्हाव्याच्या दारात ऐकू आलं की काडेपेट्यांचा कारखाना जळाला. "काडेपेट्यांचाच तो, जळायचाच," कुणीतरी समजूतदारपणे म्हणालं. वळणावर कळलं की वर्षभर काडी मिळणार नाही. तो दोघातिघांना थांबवून खरा प्रकार सांगू लागला, तर एकाने डोळे बारीक केले. "तुमची भरून झाली वाटतं?" तो म्हणाला.

घरी सासूबाई नव्हत्या. दुपार टळल्यावर त्या आल्या, अंबाडा सुटलेला, पदरात भलंमोठं गाठोडं. ते त्यांनी पलंगाखाली सरकवलं आणि खुर्चीत बसून वारा घेत म्हणाल्या, "नशिबाने मिळाल्या. खुद्द संपवाल्यांच्या आतल्या गोटातल्या माणसाने सांगितलंय. चांगला उंचापुरा, रुबाबदार होता म्हणे. असा घरात बसून राहणारा नव्हे."

लांबपल्ला बनियनवर, पडद्यांच्या ढिगाला टेकून बसला होता. "सासूबाई," तो म्हणाला, "तो मीच."

"जावईबापू, दर गोष्टीत स्वतःला पुढे करू नये," सासूबाई म्हणाल्या.

बायकोने मात्र मशीन थांबवलं. "नेमकं काय म्हणालात तुम्ही?"

त्याने सांगितलं. 'बुवा'सकट सांगितलं. बायकोने कात्री बाजूला ठेवली, पडद्यात तोंड खुपसलं आणि खांदे गदगदेपर्यंत हसली. तो आधी ओशाळला, मग त्यालाही हसू फुटलं. सासूबाई दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. शेवटी, खाली एवढा दारूगोळा असताना घरात कुणी सिगारेट पेटवायची नाही, असा हुकूम सोडून त्या पलंगावर आडव्या झाल्या.

संध्याकाळी संघटनेचा पुढारी आला. त्याला सगळे भोंगा म्हणत, ते का हे तो जिन्यात असतानाच कळायचं. "मिटला संप!" तो खालूनच गरजला. वर येऊन पाणी पिऊन त्याने हकिकत सांगितली. मिठाला साहेब लोक बधले नाहीत, साखरेला बधले नाहीत. पण आज मोठ्या साहेबांच्या घरी गॅस पेटवायला काडी मिळेना. बाईसाहेबांनी बैठक चालू असताना फोन केला आणि तासाभरात कागदावर सह्या झाल्या.

"काडेपेटीचा डाव माझाच," भोंगा छाती काढून म्हणाला. "फार विचार करून टाकला."

"हो ना," लांबपल्ला म्हणाला. बायकोने पुन्हा पडदा तोंडाशी धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अड्ड्यावरचा ट्रक घराखाली आणून तो निघाला. एरवी बायको खिडकीतून हात हलवायची. आज ती खाली आली, काखेत शिवून तयार झालेल्या पडद्यांचा गठ्ठा. "हे वाटेतल्या एका घरी द्यायचेत," ती म्हणाली. "सोडाल का?"

इतक्या वर्षांत ती ट्रकमध्ये कधी बसली नव्हती. त्याने हात देऊन तिला वर घेतलं. तिने सीटवर गठ्ठा ठेवला, पुढच्या काचेवरून बोट फिरवलं, आरशात डोकावून पाहिलं. खालची माणसं, दुकानं, रांग मोडलेला तो कोपरा, सगळं एकदम लहान दिसत होतं.

"एवढ्या लांबच्या वाटेत बोलता कुणाशी?" तिने विचारलं.

"कुणाशी बोलणार?" तो म्हणाला. "म्हणून तर काल रांगेत जरा जास्त बोलून गेलो."

पडदे द्यायचे होते ते घर आलं. गल्ली अरुंद होती, ट्रकने पार बुजून गेली. मागे एक रिक्षा, मग एक टेम्पो, मग आणखी कोण कोण अडकलं आणि हॉर्न सुरू झाले. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने गठ्ठा मांडीवर घेतला होता, पण दाराला हात लावला नव्हता.

"पुढे कुठला गाव लागतो, ते एकदा सांगा," ती म्हणाली.

तो सांगू लागला.