पेरूबाबांचा आनंदरस

दारूबंदी मंडळाच्या सभागृहात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. पेरूबाबांनी मंडळाचे अध्यक्ष शिंपीमामा यांचं बोट पेल्यात बुडवून वर ‘परीक्षाजला’चे थेंब टाकले. पाणी तपकिरी!

“हे तुझ्या रक्तातलं विष, बाळा,” साठी ओलांडलेल्या मामांना बाबा म्हणाले. “आणि हा पेरूचा आनंदरस!”

रस पडला, पाणी नितळ झालं. सगळं मंडळ रस पिऊन नाचू लागलं. पायाचा चिघळलेला अंगठा घेऊन मामाही नाचले.

मामांची भाची मागच्या रांगेतून हे पाहत होती. मामांना मधुमेह होता आणि रसाच्या भरवशावर त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. असंच चाललं तर अंगठा कापावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“मामा, दुखत नाही?”

“छे गं! रस घेतला की पाय ढगावर. काल शिवणयंत्राशी गप्पा मारल्या.”

“ते काय म्हणालं?”

“लाजलं.”

भाचीने बाटलीचा वास घेतला आणि बाटली पर्समध्ये टाकली. फळांचे अर्क तपासणं हीच तिची नोकरी. रस जखमेतले जंतू मारतो, असं बाबा सांगत. प्रयोगशाळेत तिने जंतू वाढवलेल्या बशीत कागदाच्या तीन टिकल्या ठेवल्या: एक रसात भिजवलेली, एक पाण्यात, एक मद्यार्कात. रसाभोवतीचे जंतू मेले. मद्यार्काभोवतीचेही तेवढेच मेले. रसातला मद्यार्क उडवून पुन्हा पाहिलं, तर जंतू मजेत!

पुढच्या सभेत ती उठली. बोट न बुडवताच पेल्यात परीक्षाजल टाकलं. पाणी तपकिरी! त्यात लिंबू पिळलं. पाणी नितळ!

“हे जखमेवर लावायचं आयोडीन. पेरूतल्या, लिंबातल्या क जीवनसत्त्वाने त्याचा रंग जातो. विषबिष काही नाही.”

“मग माझा आनंद?” मामांनी विचारलं.

“मामा, तुम्ही रोज सकाळी पेलाभर दारू पिताय.”

सगळ्यांनी हातातले पेले लांब धरले.

“तो दैवी अंश आहे!” बाबा ओरडले.

“हा अंश नाक्यावर स्वस्त मिळतो,” मंडळाचे चिटणीस म्हणाले.

“तुम्हाला कसं माहीत?” मामा गरजले. तेवढ्यात बाबा मागच्या दाराने पसार झाले.

डॉक्टरांनी जखम साफ केली, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. अंगठा वाचला. “दारू घेता का?” या प्रश्नावर मामा खाली मान घालून म्हणाले, “सोडली.”

मंडळाच्या फलकावर आता मामांच्या अक्षरात लिहिलंय: ‘पेरू जरूर खा. चमत्कार दिसला तर आधी तपासा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका. आणि यंत्र लाजू लागलं, तर ताबडतोब भाचीला बोलवा.’